विक्रोळीतील न्हाणी : घरगुती सांडपाण्याच्या वाटेचा इतिहास

मुंबईच्या पाण्याचा इतिहास बहुधा तलाव, धरणे व जलवाहिन्या यांच्या आधारे लिहिला जातो. शहरात पाणी कोठून आले, कोणत्या वर्षी आले व त्यासाठी कोणती योजना आखली गेली, यांविषयी भरपूर लिखाण उपलब्ध आहे. वापरलेले पाणी घराबाहेर ज्या वाटेने जाते त्या वाटेकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले आहे. ही वाट वाहती असते तोवर ती घरातल्यांच्याही ध्यानात नसते. ती तुंबली की न्हाणीत पाणी साचते, दुर्गंधी सुटते आणि एक प्रश्न उभा राहतो : ही घाण काढावयाची कोणी? हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसला तरी त्याच्या उत्तरात गेल्या दीडशे वर्षांतील नगररचना, कायदा, जातिव्यवस्था व स्त्रियांचे घरकाम यांचे धागे एकत्र आलेले आढळतात. प्रस्तुत लेखात विक्रोळी या उपनगराच्या आधाराने या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे. मोरी साफ करण्याचा इतिहास हा साधनांचा इतिहास आहेच. परंतु त्याहून अधिक तो घर जेथे संपते व दुसऱ्याचे काम जेथे सुरू होते त्या सीमारेषेचा इतिहास आहे, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

१. परसातील पाणी

‘मोरी’ व ‘न्हाणी’ हे दोन शब्द आज मुंबईच्या बोलीत जवळजवळ समानार्थी झाले आहेत. मूळ अर्थ मात्र भिन्न आहेत. न्हाणी म्हणजे नाहण्याची जागा आणि मोरी म्हणजे पाणी वाहून जाण्याची वाट. पुढे ज्या जागेतून वाट निघते त्या जागेलाही मोरी म्हणण्याचा प्रघात पडला. भांडी घासणे, हातपाय धुणे व स्नान करणे या तिन्ही क्रिया एकाच कोपऱ्यात होऊ लागल्यावर या दोन शब्दांतील भेद पुसट व्हावा हे स्वाभाविकच होते.

कोकणातील घरांत न्हाणी बहुधा मागील दारी असे. चुलाण्यावर पाणी तापवावयाचे, दगडावर बसून स्नान करावयाचे आणि पाणी उताराने केळीच्या किंवा अळवाच्या आळ्यात सोडावयाचे, ही पद्धत सर्वपरिचित आहे. या व्यवस्थेत वाट तुंबली तरी तिचे संकट होत नसे. पन्हाळ उघडी असे. काय अडकले आहे ते डोळ्यांना दिसे. काठीने किंवा खराट्याने ते बाजूला सारले की काम संपे. भांडी राखेने व काथ्याने घासली जात. राख झाडाच्या बुडाशी जाऊन बसे व तिचे खत होई. पाण्याची वाट आखूड होती, उघडी होती आणि तिचा शेवट घराच्या मालकीच्या जमिनीतच होत होता. विक्रोळीत पुढे जे कामगार येऊन राहिले त्यांच्यापैकी पुष्कळांच्या गावाकडील न्हाणीचे रूप असे होते.

पॅट्रिक गेडीस यांनी या व्यवस्थेचे मोल ओळखले होते. १९१४ साली ते भारतात आले व १९१९ साली मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्र व नागरिकशास्त्र विभागाचे पहिले प्राध्यापक झाले. भारतीय शहरांविषयीच्या आपल्या अहवालांत त्यांनी खर्चिक भुयारी गटारांच्या योजनांवर टीका केली व शक्य तेथे घरचे पाणी बागेकडे वळवावे असा आग्रह धरला. तथापि ज्या शहरात घराला परसच उरले नाही तेथे हा उपाय चालण्यासारखा नव्हता. मुंबईची स्थिती नेमकी तशी झाली होती.

२. आत येणारे पाणी व बाहेर जाणारे पाणी

विहार तलावाचे पाणी मुंबई बेटात १८६० साली आले. तुळशी तलाव १८७९ साली व तानसा १८९२ साली पुरा झाला. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. विहार तलाव साष्टी बेटात विक्रोळीच्या वायव्येस काही मैलांवरच आहे. परंतु त्याचे पाणी गेले ते दक्षिणेकडील शहराला. साष्टीतील गावे विहिरी-तळ्यांवर राहिली आणि म्हणून शहराच्या पुढ्यात उभा राहिलेला सांडपाण्याचा प्रश्नही त्यांच्यापर्यंत पुष्कळ उशिरा पोचला.

शहरात घरोघर नळ आले. पण तितकेच पाणी बाहेर नेण्याची तजवीज त्याबरोबर झाली नाही. डॉ. लीथ यांचा मुंबई बेटाच्या आरोग्यस्थितीविषयीचा अहवाल १८६४ सालचा आहे. १८६५ च्या कायद्याने नगरपालिकेचा कारभार आयुक्ताकडे आला व आर्थर क्रॉफर्ड हे पहिले आयुक्त झाले. हेक्टर टलॉक या अभियंत्याचा मुंबईच्या मलनिःसारणावरील ग्रंथ १८७२ साली प्रसिद्ध झाला. भरपूर पाणी मिळाल्याने शहर आपोआप स्वच्छ होत नाही. उलट निचऱ्याची वाट नसेल तर ते अधिक ओले व रोगट होते, हा या काळातील अनुभव होय. लंडन शहराला हाच धडा १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीच्या दुर्गंधीने दिला होता व त्यानंतरच तेथे बॅझलगेट यांच्या भुयारी गटारांचे काम वेगाने हाती घेण्यात आले.

या काळातील मुंबईच्या घराचे एक वैशिष्ट्य म्हणजे घरगल्ली. दोन इमारतींच्या पाठी एकमेकींकडे असत आणि मध्ये अरुंद बोळ असे. वरच्या मजल्यांवरील मोऱ्यांचे नळ याच बोळात उतरत, आणि शौचकुपांतील टोपल्या उचलणारे कामगारही याच बोळातून ये-जा करीत. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमात घरगल्लीची व्याख्या दिली आहे. गटार म्हणून किंवा शौचकूप इत्यादींपर्यंत सफाई कामगारांना पोचता यावे म्हणून राखलेली जागा, असा तिचा आशय आहे. त्याच अधिनियमात ‘हलालखोर कर’ हे कराचे नावही होते. ज्या समाजाकडून पिढ्यान्‌पिढ्या हे काम करून घेतले गेले त्याच्या नावाने कर बसावा, ही बाब सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने बोलकी आहे. घराचे तोंड रस्त्याकडे होते व पाठ घरगल्लीकडे. ज्यांनी पाठ साफ करावयाची त्यांनी तोंडाकडून येऊ नये, अशी ही रचना होती. जातीचा नियम येथे विटा व चुन्यात बांधला गेला, असे म्हणावयास हरकत नाही.

त्याच अधिनियमाने आणखी एक रेषा आखली. महापालिकेची गटारे वेगळी व खाजगी गटारे वेगळी. खाजगी गटार सुस्थितीत व स्वच्छ ठेवण्याची जबाबदारी मालकाची, आणि ते तपासण्याचा व दुरुस्ती करावयास लावण्याचा अधिकार आयुक्ताचा. यामुळे तुंबलेली मोरी ही कायद्याच्या कक्षेत आली. मात्र कायद्यातील ‘मालक’ व प्रत्यक्ष मोरी वापरणारा भाडेकरू हे एक नव्हते. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले, त्यानंतर या भेदाचे परिणाम उघड झाले. ओल, अंधार व तुंबलेल्या घरगल्ल्या यांच्याकडे बोट दाखविले गेले. १८९८ साली सुधार न्यासाची स्थापना झाली. जुनी वस्ती पाडून रुंद रस्ते व नव्या चाळी उभारण्याचे काम सुरू झाले. प्लेगचा प्रसार उंदरांवरील पिसवांमार्फत होतो हे शास्त्र त्यानंतर प्रस्थापित झाले. तथापि घरातील पाण्याची वाट ही सार्वजनिक आरोग्याची बाब आहे, हा विचार त्या साथीने कायमचा रुजविला.

३. सापळा आणि त्याचे नाव

भुयारी गटार घराला जोडले की एक नवी अडचण उभी राहते. ज्या नळातून पाणी खाली जाते त्याच नळातून गटारातील वायू वर येऊ शकतो. यावरील उपाय अगदी साधा आहे. नळाला वाक द्यावयाचा म्हणजे त्या वाकात थोडे पाणी सदैव राहते व वायूची वाट अडते. अलेक्झांडर कमिंग यांनी लंडन येथे १७७५ साली शौचकुपासाठी अशा वाकाचे एकस्व घेतले. पाण्याचा हा पडदा सामान्यतः ५० मिलिमीटर खोलीचा ठेवतात.

हीच युक्ती स्नानाच्या जागेतील जमिनीलगतच्या छिद्राला लावली गेली, आणि येथे भाषेच्या इतिहासातील एक लहानशी घटना घडली. पाश्चात्त्य घरात टबात स्नान होते. ओतून घेतलेले पाणी जमिनीवर पडून वाहत जाते अशी न्हाणी तेथील अभियंत्यांना परिचित नव्हती. त्यामुळे जमिनीतील या जाळीदार सापळ्याला येथलेच नाव मिळाले. भारतीय अभियांत्रिकीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांत तो आजही ‘नहाणी ट्रॅप’ या नावाने शिकविला जातो. यंत्रे व त्यांची नावे बाहेरून आली असे म्हणण्याची सवय झालेल्या अभ्यासकाने या उलट्या प्रवासाची नोंद घेणे अगत्याचे आहे.

सापळ्याने वायू अडविला. पण त्याबरोबर कचराही अडविला. उघड्या पन्हाळीत जे काठीने सारता येत होते ते आता जमिनीखाली, डोळ्यांआड, पाण्याखाली साठू लागले. म्हणजे न्हाणी तुंबणे ही ज्या रूपात आज ओळखीची आहे ती आधुनिक स्वच्छतेची उणीव नसून तिची सोबतीण आहे. सापळा जितके चांगले काम करतो तितका तो वारंवार साफ करावा लागतो. अडविलेला कचरा नियमाने काढला तर पुढचा नळ मोकळा राहतो. न काढला तर तो पुढे सरकतो व जेथे हात पोचत नाही तेथे जाऊन बसतो.

मुंबईच्या इमारतींत पुढे द्विनळ पद्धती रूढ झाली. शौचकुपाचे मलपाणी एका नळाने थेट चेंबरकडे जाते. न्हाणी व स्वयंपाकघर यांचे सांडपाणी दुसऱ्या नळाने खाली उतरून जमिनीलगतच्या ‘गली ट्रॅप’मध्ये पडते व तेथून पुढे मुख्य वाहिनीला मिळते. या विभागणीचे कारण तांत्रिक, म्हणजे गटारातील वायूला दूर ठेवण्याचे होते. परंतु सोवळ्या-ओवळ्याच्या कल्पना बाळगणाऱ्या घरांना ती आपल्या जुन्या भेदाशी जुळणारी वाटली असल्यास नवल नाही. न्हाणीच्या जाळीत घरातील माणूस हात घालू लागला. दुसऱ्या नळापुढे मात्र त्याचा हात थांबला. सीमारेषा सरकली होती, पुसली गेली नव्हती.

४. चाळीतील मोरी

गिरणगावातील चाळीत एका कुटुंबास बहुधा एक खोली मिळे. १९२० च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने बांधलेल्या चाळींतही तोच नमुना होता. शौचकूप मजल्यावर सर्वांना मिळून, परंतु मोरी खोलीतच. या मोरीच्या बुटक्या कठड्याआड सकाळी स्नान होई, दुपारी भांडी घासली जात, संध्याकाळी हातपाय धुतले जात. पिण्याच्या पाण्याचा पिंपही तिच्याच शेजारी असे. मोरी तुंबली तर खोली तुंबली, इतका तिचा व कुटुंबाचा निकटचा संबंध होता.

येथे कामाची वाटणी स्पष्ट होती. मजल्यावरील शौचकूप झाडण्यास सफाई कामगार येई. खोलीतील मोरीकडे तो येत नसे व त्याला येऊही दिले जात नसे. परिणामी जाळीतील राख, काथ्या, केस व भाताची शिते काढण्याचे काम घरातील स्त्रीकडे आले. त्यासाठी ना वेतन होते, ना ते काम म्हणून मोजले जाई. कामगारांच्या घरांविषयीच्या अहवालांत खोलीचे क्षेत्रफळ, भाडे व माणसांची संख्या नोंदलेली आढळते. मोरी कोण साफ करतो हा रकाना त्यांत सहसा नसतो. ज्या श्रमाची नोंदच झाली नाही त्याचा इतिहास लिहिताना अभ्यासकाला वस्तूंकडे, म्हणजे जाळी, काठी, खराटा व कठड्याची उंची यांच्याकडेच वळावे लागते.

५. विक्रोळीची वस्ती

विक्रोळी हे साष्टी बेटाच्या पूर्व कडेचे गाव. एका बाजूस ठाण्याची खाडी व तिच्या काठची खारफुटी, दुसऱ्या बाजूस पवईकडे चढत जाणाऱ्या टेकड्या, असा त्याचा भूगोल आहे. एकोणिसाव्या शतकात येथील जमीन फ्रामजी कावसजी बनाजी या पारशी व्यापाऱ्यांकडे होती. १९४० च्या दशकात पिरोजशा गोदरेज यांनी येथे विस्तीर्ण जमीन घेतली व शहरातील कारखाने हळूहळू येथे हलविले. कारखान्यांबरोबर कामगारांची वसाहतही उभी राहिली. ज्या उद्योगाने पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या सुमारास वनस्पती तेलांपासून साबण तयार करून तो घरोघर पोचविला, त्याचेच नाव या परिसराशी जोडले जावे, हा योग येथील विषयाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगा आहे.

१९५० साली मुंबईची हद्द उत्तरेकडे वाढली व पूर्व बाजूस ती भांडुपपर्यंत गेली. त्यामुळे विक्रोळी महापालिकेच्या कक्षेत आली. १९५७ साली ती हद्द मुलुंड व दहिसरपर्यंत पोचली. या विस्ताराबरोबर १८८८ च्या अधिनियमातील गटारांची कलमेही येथे लागू झाली. परंतु कायदा एका दिवसात लागू होतो, भुयारी वाहिनी तशी होत नाही. घर आधी व वाहिनी नंतर, हा क्रम उपनगरांत पुष्कळ ठिकाणी दिसतो. मधल्या काळात मलकुंड, शोषखड्डा व उघडे गटार यांच्यावर भागवावे लागे.

मुंबई गृहनिर्माण मंडळाची स्थापना १९४८ च्या कायद्याने झाली आणि औद्योगिक कामगारांसाठी अनुदानित घरांची केंद्र सरकारची योजना १९५२ साली सुरू झाली. या प्रयत्नांतून विक्रोळीत दोन मोठ्या वसाहती उभ्या राहिल्या. एकीस रवींद्रनाथ टागोर यांचे नाव दिले गेले, तर दुसरीस १९६२-६३ या काळात मुख्यमंत्री असलेल्या मारोतराव कन्नमवार यांचे. कन्नमवारनगर द्रुतगती महामार्गाच्या पूर्वेस, खाडीच्या बाजूला आहे. गिरणगावातील चाळीतून किंवा थेट गावाहून येथे आलेल्या कुटुंबांच्या दृष्टीने मुख्य बदल क्षेत्रफळाचा नव्हता. न्हाणी व शौचकूप आता आपल्या दाराच्या आत, आपल्या कुलपाखाली आले, हा खरा बदल होता.

या बदलाचा अर्थ दुहेरी होता. रांगेत उभे राहणे संपले, स्त्रियांना आडोसा मिळाला, आजारी माणसाची सोय झाली; हा लाभ लहान नव्हे. परंतु घरगल्लीतून येणारा कामगार आता घराच्या आतील सापळ्यापर्यंत पोचू शकत नव्हता. आतील तुंबणे हे पूर्णपणे कुटुंबाचे झाले, आणि खालच्या मजल्यावरील कुटुंबाचे नशीब वरच्या मजल्यांच्या सवयींशी बांधले गेले. उभा नळ तळाशी अडला तर पाणी उलटते ते सर्वांत खालच्या न्हाणीत. वर राहणाऱ्यास आपल्यामुळे खाली काय झाले याचा पत्ताही लागत नाही. शेजारधर्माची जी परीक्षा चाळीत सामाईक नळावर होत असे ती येथे भिंतीतील अदृश्य नळावर होऊ लागली.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० सालचा. गृहनिर्माण मंडळाच्या जागी पुढे १९७७ साली म्हाडा आली व अनेक इमारतींचा कारभार रहिवाशांच्या सहकारी संस्थांकडे गेला. संस्थांच्या आदर्श उपविधींत ही सीमारेषा स्पष्ट लिहिली आहे. सामाईक सांडपाण्याच्या वाहिन्यांची दुरुस्ती संस्थेने आपल्या खर्चाने करावयाची व सदनिकेच्या आतील दुरुस्ती सदस्याने. प्रत्यक्षात वादाचा विषय असतो तो जमिनीतील सापळा व उभा नळ यांच्यामधील हातभर लांबीचा तुकडा. तो वरच्या सदस्याच्या फरशीखाली व खालच्या सदस्याच्या छताला लागून असतो. संस्थांच्या सभांतून या हातभर नळावर जितका खल होतो तितका क्वचितच दुसऱ्या कशावर होत असेल. १८८८ साली आखलेल्या रेषेची ही आजची, घरगुती आवृत्ती होय.

टेकडीच्या बाजूच्या वस्त्यांची कथा वेगळी आहे. पार्कसाइटच्या वरील उतारांवर घरातील मोरी बहुधा बाहेरच्या उघड्या गटारात सुटते व ते गटार उताराने खालच्या घरांच्या दारावरून जाते. पावसाळ्यात हीच वाट डोंगराचे पाणीही वाहते. १८ जुलै २०२१ रोजी अतिवृष्टीत विक्रोळीच्या सूर्यनगर भागात दरड कोसळून माणसे मृत्युमुखी पडली. त्या दुर्घटनेचे कारण मोरीत शोधणे चूक ठरेल. तथापि उतारावरील वस्तीत पाण्याची वाट मोकळी ठेवणे हे किती जिव्हाळ्याचे काम आहे याचे भान अशा प्रसंगी येते. खाडीकडील सखल भागाची अडचण याच्या उलट आहे. तेथे उताराच कमी, आणि भरतीच्या वेळी पर्जन्यवाहिन्यांतील पाण्याला समुद्राकडे जाण्यास अडथळा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या ताशी सुमारे २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधल्या होत्या. अशा दिवशी घरातील सापळा कितीही स्वच्छ असला तरी पाणी बाहेर जाण्याऐवजी आत येते. घरगुती स्वच्छतेची मर्यादा येथे स्पष्ट होते.

६. काय अडकते, कसे काढतात

मोरीत अडकणारा पदार्थ हा त्या त्या काळच्या राहणीचा पुरावा असतो. राख व काथ्या यांचा काळ वर आलाच आहे. राख पाण्याबरोबर वाहते, पण सापळ्यात तळाशी बसून घट्ट होते. साबणाचा वापर वाढला तेव्हा तिची जागा साबणाच्या चिकट थराने घेतली. पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या क्षारांशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारी साय तयार होते. ती नळाच्या आतील अंगाला धरते व तिला केस चिकटतात. डोक्याला खोबरेल लावण्याची रीत घरोघर होती व आहे. हे तेल सुमारे २४ अंश सेल्सिअसखाली थिजते, म्हणून थंडीतील पहाटे न्हाणी नेमकी तुंबावी यात आश्चर्य नाही. १९८० नंतर शांपूच्या लहान पुड्या बाजारात आल्या आणि त्यांचे फाडलेले कोपरे जाळीतून खाली जाऊ लागले. राख कुजत नाही पण झिजते; ही पुडी ना कुजते ना झिजते.

साधनांचा क्रमही असाच वाचता येतो. पहिले साधन हात. जाळी उचलून, सापळ्यातील वाटी काढून केसांचा गुंता बाहेर घ्यावयाचा. बहुतेक वेळा एवढ्याने काम होते. दुसरे साधन उकळते पाणी व धुण्याचा सोडा. तेल व साबणाचा थर यांनी सैल होतो. तिसरे, लाकडी दांड्याची रबरी वाटी. तिचे तत्त्व दाबाचे आहे. वाटी बुडेल इतके पाणी न्हाणीत असावे व त्याच नळाला जोडलेली दुसरी छिद्रे ओल्या फडक्याने बंद करावीत, अन्यथा दाब अडथळ्यापर्यंत न पोचता भलत्याच वाटेने निघून जातो. चौथे साधन तार किंवा बांबूची चिरलेली लवचिक कामटी. ही कामटी मूळ गटारे साफ करणाऱ्या कामगारांची. त्यांच्याकडूनच ती घराच्या वापरात आली. मुंबईच्या बोलीत या सर्व खटाटोपाला ‘चोकअप काढणे’ असे म्हणतात व तो काढून देणारा कारागीर आज नाक्यानाक्यावर भेटतो.

पाचवे साधन रसायनांचे, आणि ते सर्वांत नवे व सर्वांत धोक्याचे आहे. बाजारातील चूर्णांत बहुधा कॉस्टिक सोडा असतो. काहींत त्याबरोबर ॲल्युमिनियमचे कणही घालतात. पाणी लागताच उष्णता व हायड्रोजन वायू निर्माण होऊन अडथळा सुटतो. त्वचा व डोळे यांना त्यापासून गंभीर इजा होते. दुसरे म्हणजे ज्याला सर्रास नुसते ‘ॲसिड’ म्हणतात ते हायड्रोक्लोरिक आम्ल. त्याने बिडाचा नळ खातो, फरशीचा सांधा उघडतो व पुढे गळती सुरू होते. केसांवर मात्र त्याचा फारसा परिणाम होत नाही. हेच आम्ल विरंजक चूर्णाशी मिसळले तर क्लोरीन हा विषारी वायू बाहेर पडतो. ज्या अरुंद न्हाणीला एक लहानसा झरोका असतो तेथे हा प्रयोग जिवावर बेतू शकतो.

या पाचव्या साधनाचे आकर्षण कशात आहे, याचा विचार केला पाहिजे. ते गुणकारी आहे म्हणून नव्हे, तर त्यात हात घालावा लागत नाही म्हणून. बाटली ओतली, दार लावले, पाणी सोडले की घाण दृष्टीआड होते. सोवळ्याचा जुना संस्कार व आधुनिक सोय यांची ही भेट आहे. पण दृष्टीआड झालेली वस्तू नाहीशी होत नाही. ती गली ट्रॅपमध्ये, तेथून चेंबरमध्ये व तेथून मॅनहोलमध्ये जाते, आणि तेथे कोणाचा तरी हात तिला लागतोच.

७. पलीकडचा हात

गटारात हवेवाचून कुजणाऱ्या गाळात हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. काळ्या गाळातील सल्फाइडांवर आम्ल पडले तर तो अधिक वेगाने सुटतो. एका घरातून ओतलेले आम्ल पुढे पाण्याने विरळ होते हे खरे. परंतु इमारतीच्या लहान चेंबरात अनेक घरांचा भाग एकत्र येतो व तेथे वाकून काम करणाऱ्याच्या तोंडाशी तो असतो. या वायूने माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो, आणि त्याला वर काढावयास उतरलेला दुसराही.

महाराष्ट्रात या प्रश्नाला नैतिक रूप देणारी माणसे होऊन गेली. गाडगेमहाराजांनी (१८७६–१९५६) हातात खराटा घेऊन कीर्तनाच्या आधी गाव झाडले. अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचे काम स्वतः करू द्यावे म्हणून उपोषण आरंभिले व त्यांना पाठिंबा म्हणून येरवड्यात गांधीजींनीही अन्नत्याग केला. वरच्या जातीच्या कैद्याला हे काम देण्यास तुरुंगाचा नियम आड येत होता, ही गोष्ट लक्षणीय आहे. काम घाण आहे म्हणून नव्हे, तर ते विशिष्ट माणसांचेच आहे म्हणून ते नाकारले जात होते. अप्पासाहेबांचा लढा त्या ‘विशिष्ट’पणाशी होता. पुढे कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात त्यांनी मैलासफाई व खत यांचे प्रयोग केले. गेडीस यांच्या परसाच्या विचाराशी त्यांचे नाते सहज जुळते.

कायद्याने ही वाट उशिरा धरली. हाताने मैला उचलण्यावर बंदी घालणारा पहिला केंद्रीय कायदा १९९३ सालचा. मलवाहिन्या व मलकुंडे यांच्या धोकादायक सफाईचा स्पष्ट समावेश करणारा दुसरा कायदा २०१३ सालचा. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी गटारात मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांस दहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला व २० ऑक्टोबर २०२३ च्या निर्णयात ती रक्कम तीस लाखांपर्यंत वाढविली. यंत्रे आली आहेत. पाण्याचा जोरदार झोत मारणाऱ्या व गाळ ओढून घेणाऱ्या गाड्या मुख्य वाहिन्यांवर वापरल्या जातात. परंतु इमारतीच्या आवारातील अरुंद चेंबरपर्यंत अशी गाडी पुष्कळदा पोचत नाही. तेथे संस्थेने बोलाविलेला रोजंदारीचा माणूस कामटी घेऊन येतो. महापालिकेची वाहिनी व सदस्याची न्हाणी यांच्यामधील हाच टापू कायद्याच्या नजरेतून निसटण्याचा धोका सर्वांत अधिक असतो.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, न्हाणी तुंबणे ही आधुनिक घराबरोबर आलेली बाब आहे. उघड्या पन्हाळीच्या जागी सापळा आला तेव्हा अडथळा अदृश्य झाला व त्याची निगा हे नियमित काम झाले. दुसरी, हे काम कोणाचे याचे उत्तर प्रत्येक काळात घराच्या रचनेने दिले आहे. घरगल्लीच्या काळात ते जातीवर टाकले गेले, चाळीच्या खोलीत स्त्रीवर, स्वतंत्र सदनिकेत कुटुंबावर व संस्थेवर. परंतु कोणत्याही काळात ते समान वाटले गेले नाही. तिसरी गोष्ट अशी की, ही रेषा घराच्या जितकी जवळ आणावी तितका तिच्यापलीकडील माणसाचा धोका कमी होतो. जाळीतला केसांचा गुंता घरातच हाताने काढून कचऱ्यात टाकणे हे क्षुल्लक काम आहे. तोच गुंता, तेल, पुडी व आम्ल यांसह खाली ढकलला की तो दुसऱ्या कोणासाठी प्राणाशी गाठ ठरू शकतो.

कन्नमवारनगरातील जुन्या इमारती पाडून त्यांच्या जागी उंच मनोरे उभे राहत आहेत. नव्या घरांत न्हाणी एकाऐवजी दोन असतात, सापळा छताच्या पडद्याआड लपविलेला असतो आणि उभा नळ पूर्वीपेक्षा किती तरी अधिक कुटुंबांचे पाणी वाहतो. रेषा पुन्हा एकदा सरकत आहे, व ती घरातील माणसाच्या दृष्टीपासून अधिक दूर जात आहे. या मनोऱ्यांच्या तळाशी असलेल्या चेंबरचे झाकण कोण उचलतो, कोणत्या साधनांनी व कोणत्या वेतनावर, याची नोंद आज झाली नाही तर चाळीतील मोरीप्रमाणे हाही रकाना इतिहासात कोराच राहील.